पाठीचा रंग, पोटाचा रंग

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसले आहेत. कार्तिकात भाताची कापणी उरकली, की येथील खाचरांत नुसते पिवळट खुंट उरतात आणि बांधावरचे गवत वाळू लागते. अशा एखाद्या बांधाच्या कडेला ससा अंग चोरून बसलेला असतो. वाटसरू चार पावलांवर आला, तरी त्याला तो दिसत नाही. ससा उडी मारून पळत सुटला, म्हणजेच तो तेथे होता हे कळते.

ससा दिसला नाही, कारण त्याचा रंग मातीसारखा आहे, असे कोणीही चटकन सांगेल. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. मातीच्याच रंगाचे एखादे मडके त्याच खाचरात ठेवून पाहा. ते दुरूनही ओळखू येते. मग मातीच्या रंगाचे मडके दिसावे आणि मातीच्या रंगाचा ससा मात्र दिसू नये, असे का?

याचे उत्तर उजेडात आहे. उजेड आकाशातून, म्हणजे वरून येतो. त्यामुळे मडक्याचा वरचा भाग उजळतो आणि खालचा भाग सावलीत जातो. वर उजळ व खाली काळोखी असे दिसले, की ही वस्तू गोल आहे, भरीव आहे, हे आपला डोळा तत्काळ ओळखतो. चित्रकलेच्या तासाला तुम्ही हेच करता. कागदावर नुसते वर्तुळ काढले तर ते चकतीसारखे दिसते. त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने छाया दिली, की त्याचा चेंडू होतो.

आता सशाकडे पाहा. त्याची पाठ गडद तपकिरी, कुशी त्याहून फिकट आणि पोट पांढरे असते. वरचा उजेड गडद पाठीला थोडे उजळ करतो आणि खालची सावली पांढऱ्या पोटाला थोडे मळकट करते. दोन्ही रंग एकमेकांच्या जवळ येतात, शरीराची गोलाई पुसली जाते आणि मातीवर मातीचाच एक सपाट तुकडा पडला आहे, असा भास होतो. रानातील भेकराची वर्णयोजनाही अशीच आहे. अर्थात हा सारा खेळ प्राणी निश्चल असेपर्यंतच चालतो. एक कान हलला, तरी कोल्ह्याला तेवढे पुरेसे होते. म्हणूनच ससा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडत नाही. त्याला भित्रा म्हणण्याची रीत आहे. पण पाऊल जवळ येत असता असे स्थिर बसून राहणे सोपे नव्हे!

ही गोष्ट जगाला स्पष्ट करून दाखविली ती एका चित्रकाराने. त्याचे नाव अ‍ॅबट थेयर. १८९६ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे पक्षिशास्त्रज्ञांची सभा भरली असता त्याने चक्क रताळ्यांचा प्रयोग केला. जमिनीपासून थोड्या उंचीवर तारेवर तीन रताळी आडवी बसवली, त्यांना चिकट पदार्थ फासला आणि त्यांवर रस्त्यावरचीच धूळ भुरभुरली. मग कडेच्या दोन रताळ्यांची खालची बाजू त्याने पांढरी रंगवली आणि तो पांढरा रंग वर धुळीच्या रंगात हळूहळू मिसळून टाकला. मधले रताळे तसेच ठेवले. थोडे दूर जाऊन पाहतात, तो कडेची दोन्ही रताळी नाहीशी झालेली! मधले मात्र ठसठशीत दिसत होते. हा परिणाम केवळ पांढऱ्या रंगाचा असेल, यावर काहींचा विश्वास बसेना. तेव्हा थेयरने मधले रताळेही तसेच रंगवले, आणि पाहता पाहता तेही दिसेनासे झाले.

पुढे मात्र थेयर वाहवत गेला. प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो, असा त्याने आग्रह धरला. रोहित पक्षी गुलाबी असतो तो सूर्यास्ताच्या आभाळात दिसू नये म्हणून, असेही त्याचे म्हणणे होते! प्रत्यक्षात रोहिताला तो रंग त्याच्या खाद्यातून मिळतो. पण रताळ्यांनी सांगितलेली गोष्ट खरीच ठरली.

कर्जतजवळून उल्हास नदी वाहते. तिच्यातील बहुतेक माशांची पाठ काळसर आणि पोट रुपेरी असते. येथे हाच रंग आणखी एक काम करतो. काठावरच्या फांदीवरून खंड्या पाण्यात पाहतो, तेव्हा काळसर पाठ तळाच्या गडदपणात मिसळते. खालून एखादा मोठा मासा वर पाहतो, तेव्हा रुपेरी पोट पाण्याच्या चकाकत्या पृष्ठभागात हरवते.

कर्जत तालुक्यातील खांडस गावापासून भीमाशंकरला चढून जाण्याची जुनी वाट आहे. वरच्या दाट अरण्यात शेकरू राहते. ही मोठी खार म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिची पाठ तांबूस तपकिरी आणि पोट फिकट पिवळसर असते. धोक्याची चाहूल लागली, की ती फांदीला अंग चिकटवून गप्प राहते.

दाट झाडीत उजेड पानांतून गाळून, सर्व बाजूंनी येतो. तेथे सावली सौम्य पडते. उघड्या माळावर ती ठळक पडते. म्हणून प्राण्याच्या अंगावर गडद रंग कोठे संपतो आणि फिकट कोठे सुरू होतो, यावरून त्याच्या राहण्याच्या जागेचाही अंदाज करता येतो. चीनमध्ये सापडलेल्या सिटाकोसॉरस नावाच्या एका डायनोसॉरच्या जीवाश्मावर त्वचेच्या रंगाच्या खुणा टिकून राहिल्या होत्या. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांवरून त्या प्राण्याची पूर्णाकृती प्रतिकृती तयार करून तिच्यावर पडणारी सावली तपासली, आणि तो झाडीत राहत असावा असा निष्कर्ष काढला. तो प्राणी सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

आता एक शंका कोणालाही येईल. एखादा प्राणी उलटाच राहत असेल तर? असे प्राणी आहेत. काही सुरवंट फांदीला खालून धरून, पोट आकाशाकडे करून राहतात. त्यांचे पोट गडद आणि पाठ फिकट असते. आफ्रिकेतील कांगो नदीच्या खोऱ्यात मिशा असलेला एक लहान मासा आहे. तो बहुधा उताणाच पोहतो, आणि त्याचे पोट पाठीपेक्षा काळे असते.