ऑपरेशनआधी उपाशी, पण किती वेळ?

'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको' ही सूचना अजूनही सरसकट दिली जाते. भुलेत पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका डॉ. मेंडेल्सन यांनी 1946 मध्ये दाखवला, आणि तो खराच आहे. मात्र आताच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं. पाणी, दुधाविना चहा असे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. घरच्यांनी मायेने पाजलेला घोटभर दुधाचा चहा यात बसत नाही. त्यापायी ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.

उपाशी शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण आला की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, शुगर चढते. त्यावर स्वीडनमध्ये पुढे आलेला उपाय म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिनचं पेय: आदल्या संध्याकाळी 800 मिलि (100 ग्रॅम कर्बोदकं) आणि भुलेच्या दोन-तीन तास आधी 400 मिलि. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांत ते बरंच रुळलं आहे. तहान, भूक, अस्वस्थता कमी होते, हा फायदा रुग्णाच्या दृष्टीने मुळीच लहान नाही.

मधुमेहींनी मात्र हे पेय स्वतःहून घेऊ नये. काहींचं पोट उशिरा रिकामं होतं. कर्करोगाच्या रुग्णांत केमोसोबत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने शुगर आधीच वाढलेली असू शकते. शस्त्रक्रियेच्या काळात ती साधारण 180 mg/dL च्या आत ठेवतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधीच सांगा: त्या सहसा तीन दिवस आधी बंद करतात, कारण शुगर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात घातक कीटोन साचू शकतात.