तो नेमकं काय बोलला होता?

आमच्या महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात बुधवारी मी बसते. बहुतेक तक्रारी सासर-माहेरच्या, दारूच्या, नाहीतर पोटगीच्या. पण एकदा एक बाई आली आणि वेगळंच विचारू लागली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पारावर दोन गटांत काही बोलाचाली झाली होती. ‘बघून घेतो’पर्यंत मजल गेली. रात्री ‘आलोच’ म्हणून बाहेर पडलेला तिचा नवरा परत आलाच नाही. केस कोर्टात आहे. तिला त्याबद्दल काही विचारायचं नव्हतं. ती म्हणाली, “ताई, समोरचा ह्यांना नेमका कंचा शब्द बोलला, ते कुणीच सांगंना. तेवढं तरी कळाया पायजे ना?”

मला चटकन आठवलं ते एक अमेरिकन भांडण. हसू नका मैत्रिणींनो, सांगते.

२०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीत, माझ्या मुलीनं लॅपटॉपवर ‘हॅमिल्टन’ नावाचं संगीत नाटक लावलं होतं. गाणी इतकी भरभर, की मी भाजी निवडता निवडता हात टेकले. मग ती मध्ये मध्ये थांबवून समजावून सांगू लागली आणि गवारीची शेंग हातातच राहिली. पुढं मी बी.ए.ला इतिहास घेतल्याचं सार्थक करायचं म्हणून मिळेल ते वाचत गेले.

अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणजे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री. दहा डॉलरच्या नोटेवर चित्र आहे ते. कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर जन्म, आईबापांचं रीतसर लग्न नाही, बाप सोडून गेला, आई तापानं गेली. पोरका मुलगा स्वतःच्या लेखणीवर वर आला. दुसरा ॲरन बर. खानदानी घरातला, पण तोही लहानपणीच पोरका झालेला. दोघंही न्यूयॉर्कमध्ये वकील. १८०० मध्ये तर एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूनं दोघं एकत्र उभे राहिले होते. म्हणजे जानी दुश्मन वगैरे सुरुवातीला नव्हतेच.

राजकारणानं मात्र गाठ आवळत गेली. १७९१ मध्ये बरनं हॅमिल्टनच्या सासऱ्यांना हरवून सिनेटची जागा घेतली. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर यांना सारखीच, ७३-७३ मतं पडली. तेव्हा हॅमिल्टननं जेफरसनच्या बाजूनं पत्रांचा सपाटा लावला. बर उपराष्ट्राध्यक्षपदावर अडकला. १८०४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि पडला. त्याच सुमारास ऑल्बनीच्या वर्तमानपत्रात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. हॅमिल्टननं एका जेवणाच्या बैठकीत बरबद्दल वाईट मत दिलं, आणि त्याहूनही हीन असं काही तो बोलला आहे, असा त्याचा आशय होता.

बस, एवढंच. ते ‘हीन’ काय होतं, हे त्या डॉक्टरनं लिहिलं नाही, हॅमिल्टननं सांगितलं नाही. दोनशेहून अधिक वर्षं झाली, आजही कुणाला ठाऊक नाही. बरनं खुलासा मागितला. हॅमिल्टननं त्या शब्दाचा अर्थ किती प्रकारे लागू शकतो यावर लांबलचक पत्र पाठवलं! घरातसुद्धा असंच होतं बघा. ‘चुकलं’ एवढं म्हणायचं सोडून माणूस व्याकरण काढतो.

११ जुलै १८०४ ला पहाटे दोघं वेगवेगळ्या होड्यांतून हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या वीहॉकनला गेले. द्वंद्वयुद्ध कायद्यानं गुन्हा होता, पण तिकडे कारवाई जरा सैल असायची. वल्हवणारे पाठ करून उभे राहिले, म्हणजे पुढं साक्ष द्यायची वेळ आली तर ‘आम्ही काही पाहिलं नाही’ म्हणता यावं. दहा पावलांचं अंतर. हॅमिल्टनची गोळी झाडाच्या फांदीत गेली. ती मुद्दाम चुकवली की चुकली, यावर अजून वाद घालतात. बरची गोळी त्याच्या कमरेच्या वरून शिरून मणक्यात अडकली. देशाच्या पदावरच्या उपराष्ट्राध्यक्षानं माजी अर्थमंत्र्याला गोळी घातली होती.

मला सगळ्यात अस्वस्थ करून गेला तो हॅमिल्टननं आधी लिहून ठेवलेला कागद. त्यात तो म्हणतो की हे माझ्या धर्माला, नीतीला पटत नाही, बायकोमुलांचा विचार केला तरी पटत नाही. पण लोकांच्या या समजुतीपुढं मान तुकवली नाही, तर पुढं सार्वजनिक कामात माझा उपयोग राहणार नाही. एवढा बुद्धिमान माणूस, आणि शेवटी ‘चार लोक काय म्हणतील’ इथेच येऊन थांबला.

घरी त्याची बायको एलायझा. तिला काहीच सांगितलं नव्हतं. जखमी नवऱ्याजवळ बोलावलं तेव्हाही आधी ‘पोटात कळा येताहेत’ असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सातही मुलांना खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. त्यानं डोळे उघडून एकदा पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. त्याच दुपारी तो गेला. एलायझा तेव्हा ४६ वर्षांची होती. माझ्याच वयाची. धाकटं मूल दोन वर्षांचं.

सात मुलं म्हणाले, पण तिला झाली होती आठ. थोरला फिलिप १९ वर्षांचा असताना, १८०१ मध्ये, अशाच द्वंद्वात गेला होता. एका वकिलानं भाषणात वडिलांवर टीका केली, म्हणून फिलिप नाटकगृहात जाऊन त्याच्याशी भांडला. म्हणजे बापाच्या अब्रूसाठी आधी मुलगा मेला, मग स्वतःच्या अब्रूसाठी बाप! दोन्ही वेळा पिस्तुलांची जोडी तीच होती, असं सांगतात. भावाच्या मृत्यूनं थोरली मुलगी अँजेलिका भ्रमिष्ट झाली ती कायमची. भाऊ जिवंत असल्यासारखी त्याच्याबद्दल बोलायची.

बरं, ही अब्रू तरी कसली? १७९७ मध्ये हॅमिल्टनवर सरकारी पैशांच्या अफरातफरीचा संशय आला. तो धुऊन काढायला त्यानं स्वतःच पुस्तिका छापून जाहीर केलं, की पैसे खाल्ले नाहीत, त्या मारिया रेनॉल्ड्सशी माझे संबंध होते म्हणून तिच्या नवऱ्याला देत होतो. तेव्हा एलायझाच्या कुशीत महिन्याच्या आतलं बाळ होतं. हिशोब चोख ठरला, बायकोची शोभा झाली. तिनं काय सोसलं ते कळायला मार्ग नाही, कारण तिनं त्याला लिहिलेली पत्रं जवळजवळ उरलेलीच नाहीत.

बरच्या घरचंही सांगायला हवं. मुलीला मुलासारखं शिकवायचं हा त्याचा ध्यास होता. थिओडोशियाला त्यानं लॅटिन, ग्रीक शिकवलं. द्वंद्वाच्या आदल्या रात्री त्यानं पत्र लिहिलं ते तिलाच. त्या गोळीनंतर त्याचं राजकारण संपलं. खुनाचे आरोप ठेवले गेले, पण खटला उभा राहिला नाही. १८०७ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यातून तो सुटला, परदेशात भटकला. १८१२ मध्ये थिओडोशियाचा दहा वर्षांचा मुलगा गेला. बापाला भेटायला ती साउथ कॅरोलायनाहून जहाजानं निघाली, ते जहाज १८१३ च्या जानेवारीत समुद्रात नाहीसंच झालं. बर १८३६ पर्यंत जगला.

या प्रकरणाच्या खुणा आजही गमतीशीर जागी सापडतात. केंटकी राज्यात आजही पदाची शपथ घेताना ‘मी द्वंद्वयुद्ध केलेलं नाही’ असं म्हणावं लागतं. (आपल्याकडे ‘मी पारावर भांडलो नाही’ अशी शपथ ठेवली तर किती सरपंच उरतील?) बरनं १७९९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नावाखाली कंपनी काढून तिची बँक केली होती, ती पिस्तुलं पुढं तिच्याच वारस बँकेकडे गेली. २००४ मध्ये, दोनशे वर्षं झाली म्हणून, दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी वीहॉकनला त्या प्रसंगाचा देखावाही केला. त्याच वर्षी रॉन चेर्नाव यांचं हॅमिल्टनचं चरित्र आलं, ते वाचून लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी नाटक लिहिलं. २०१५ मध्ये ते रंगमंचावर आलं आणि २०१६ मध्ये त्याला पुलित्झर आणि ११ टोनी पुरस्कार मिळाले. त्या यशाचा एक परिणाम असाही सांगतात, की दहाच्या नोटेवर बाईचं चित्र आणायचं ठरत होतं, ते हॅमिल्टनसाठी मागे पडलं. वाचून मी कपाळावर हात मारला.

पण त्या नाटकाचा शेवट एलायझाचा आहे, आणि तो खराच आहे. नवऱ्यामागं ती ५० वर्षं जगली. डोक्यावर कर्ज, राहतं घरसुद्धा हितचिंतकांनी घेऊन तिला कमी किमतीत परत दिलं. १८०६ मध्ये इझाबेला ग्रॅहम आणि इतर बायकांबरोबर तिनं न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम काढला. १८२१ पासून १८४८ पर्यंत, म्हणजे नव्वदी गाठेपर्यंत, ती त्याची प्रमुख होती. मुलांचे कपडे, जळण, देणग्या, सगळं बघायची. पोरक्या नवऱ्याची आठवण तिनं पोरक्या मुलांत ठेवली. ग्रॅहम विंडहॅम या नावानं ती संस्था अजून काम करते. नवऱ्याची कागदपत्रं जमवायला ती आयुष्यभर लोकांच्या मागं लागली.

आणि ती काही नुसती सोशीक नव्हती हो. रेनॉल्ड्स प्रकरण फुटलं ते जेम्स मन्रोमुळे, असं तिचं ठाम मत होतं. माजी राष्ट्राध्यक्ष झालेले मन्रो म्हातारपणी समेट करायला घरी आले, तर तिनं बसा म्हटलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, माफी मागायला आला असाल तर बोला, नाहीतर काळ कितीही लोटला तरी काही फरक पडत नाही. मन्रो टोपी घेऊन निघून गेले. ती १८५४ मध्ये ९७ व्या वर्षी गेली. लग्नाआधी नवऱ्यानं लिहून दिलेली कविता ती गळ्यातल्या पिशवीत बाळगायची. कागद फाटत गेला तसा तिनं तो दोऱ्यानं शिवला होता.

त्या बाईला मी हे सगळं सांगितलं, अर्थात थोडक्यात. तिचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, आणि गावात त्याला ‘बापाचं काय केलंस’ म्हणून विचारणारे आहेत. फिलिपचं ऐकताना तिनं पदर तोंडाशी धरला.

“आन तिची बाकीची पोरं?” तिनं विचारलं.

“पाच मुलगे राहिले होते,” मी म्हटलं. “सगळे मोठे झाले. गोळीनं कुणी गेलं नाही.”

ती जरा वेळ बसून राहिली. मग पिशवीतून तालुक्याच्या वसतिगृहाचा फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात ‘कै.’ लिहायचं का, तेवढं तिला विचारायचं होतं.