गोडाचे गोत

‘गोड’ हे विशेषण मराठीत दोन तऱ्हांनी चालते. चहा गोड, खीर गोड, पेढे गोड. लिंग बदला, वचन बदला, शब्द जागचा हलत नाही. पण मसाला गोडा असतो आणि तेल गोडे. पाण्याच्या बाबतीत तर दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ वेगळे होतात. साखर ढवळली ते गोड पाणी. खारट नाही, पिता येते, डाळ शिजते, ते गोडे पाणी. पहिला शब्द चव सांगतो, दुसरा जात सांगतो.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरसारख्या गावात हे दोन्ही गोड रोज तोंडी येतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून येऊन इथे मुक्काम करते आणि पुढे भंडीशेगावला जाते. एवढ्या माणसांच्या पंगतीला लागते ते गोडे पाणीच. विहीर किंवा बोअर लागले की पहिला प्रश्न ‘पाणी कसं आहे?’ हाच असतो आणि उत्तराला पायऱ्या असतात: गोडे, मचूळ, सवळ, खारे. या उतरंडीत साखरेचा कणही नाही.

दुसरा गोड उसाचा. नीरेच्या कालव्याचे पाणी आले आणि या तालुक्यात उसाचा मुलूख उभा राहिला. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी 1932 साली शेतकऱ्यांनीच स्थापन केली. फडात ऊस दाताने सोलून पाहणारा ‘गोडीला आलाय’ म्हणतो. कारखान्याच्या फाटकातून तोच ऊस आत गेला की गोडीचे नाव बदलून ‘उतारा’ होते आणि ती टक्क्यांत मोजली जाते. 2022-23च्या हंगामापासून उसाचा रास्त आणि किफायतशीर दर 10.25 टक्के मूळ उतारा धरून ठरतो. त्यापुढे उतारा वाढेल तसा दर वाढतो. चवीच्या विशेषणाला इतका रोकडा भाव क्वचितच मिळाला असेल.

शब्दाचा नेमका अर्थ हाती लागत नसेल तर त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधावा. गोडाच्या बाबतीत ही युक्ती फार कामाची आहे, कारण त्याचा विरोधक दर वेळी नवा असतो. गोड चहासमोर फिका चहा. गोड्या पाण्यासमोर खारे. गोड बदामासमोर कडू. गोड्या तेलासमोरही कडूच: शेंगदाणा, करडई, तीळ यांचे खाण्याचे ते गोडे तेल आणि करंज, कडुनिंब यांसारख्या बियांचे ते कडू तेल. शेंगदाण्याचे तेल चाखून कोणी त्याला गोड म्हणणार नाही; इथे गोडे याचा अर्थ ‘खाण्याजोगे’ एवढाच.

गोडा मसालाही तसाच. धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, दालचिनी असे जिन्नस त्यात पडतात, पण साखर नाही आणि गूळही नाही. मिरचीचा जोर नाही म्हणून तो गोडा. सोलापूरकडे ज्याच्यावर स्वयंपाक चालतो ते ‘काळं तिखट’ याच्या अगदी उलट टोकाचे. गावजत्रेत हा फरक देवापर्यंत पोचतो. पुरणपोळीचा तो गोडा निवद आणि बकऱ्याचा तो खारा. इथे गोडा म्हणजे शाकाहारी. शब्दकोशात हा अर्थ पहिल्या तीन-चारांत येणार नाही, जत्रेत मात्र तोच आधी येतो.

इंग्रजीतल्या ‘स्वीट’ची चालही अशीच आहे, हे गमतीचे. नदीचे पाणी तिथेही ‘स्वीट’, ऑलिव्हचे तेल तिथेही ‘स्वीट ऑइल’. खनिज तेलात गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर ते कच्चे तेल ‘स्वीट’ आणि जास्त असेल तर ‘सावर’, म्हणजे आंबट. हे साम्य उसनवारीचे नव्हे. ‘बाधत नाही ते गोड’ हा विचार दोन्हीकडे आपापल्या वाटेने आला असावा. सोलापूर शहरातल्या तेलुगू घरांत मात्र ही जागा वेगळ्या शब्दाला मिळते. पिण्याचे पाणी ‘मंची’, तिळाचे तेलही ‘मंची’, म्हणजे सरळ ‘चांगले’. जिभेवरच्या गोडाला तिथे ‘तीपी’ हा वेगळा शब्द आहे.

एक नाते मात्र खरोखर रक्ताचे आहे. ‘स्वीट’ आणि संस्कृतातला ‘स्वादु’ हे एकाच प्राचीन मुळातून फुटलेले शब्द. म्हणजे मराठीत ‘स्वीट’चा सख्खा भाऊ ‘स्वादिष्ट’. अर्थाने जवळचा वाटणारा गोड त्या कुळातला नव्हे. गोडाचा संबंध ‘गुड’ म्हणजे गुळाशी जोडला जातो.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करायला सोपी: मधुर, मिष्ट, रसाळ, गोडसर, गोडमिट्ट, गुळचट. वापरायला ती अवघड, कारण यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी मुकाट्याने बसत नाही. ‘मधुर’ हा मधापासून आला, पण आता तो कानाचा शब्द आहे. स्वर मधुर, वाणी मधुर. ‘मधुर चहा’ म्हटले की ऐकणारा हसतो. ‘मिष्ट’ एकटा फिरत नाही, त्याला अन्नाचा हात धरावा लागतो. ‘रसाळ’ आंब्याला शोभतो आणि प्रवचनालाही, पेढ्याला नाही. ‘गोडसर’मध्ये गोडी बेताची, ‘गोडमिट्ट’मध्ये नको इतकी, आणि ‘गुळचट’ ही तर सरळ तक्रारच, मग ती आमटीबद्दल असो की एखाद्या प्रेमकथेबद्दल.

माणसाकडे वळल्यावर गोडाला दोन तोंडे फुटतात. ‘गळा गोड आहे’ ही स्तुती, ‘गोडबोल्या आहे’ हा इशारा. गोडीगुलाबीने काम होते, साखरपेरणी केली की संशय येतो. संक्रांतीला गोड बोलण्याची विनंती वर्षातून एकदा करावी लागते, यातच काय ते आले. उसाच्या मुलखाला साजेशी म्हणही आहे: ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.

‘गोड मानून घेणे’ यात तर चव उरलेलीच नाही. उणे असेल ते पोटात घालून स्वीकारणे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो देवापुढेही चालतो, पाहुण्यापुढेही. तेराव्यानंतर घरच्यांचे तोंड गोड करतात तेव्हाही आनंद साजरा होत नसतो. दुखवटा संपला, नेहमीचे जेवण सुरू करा, असे ते सांगणे असते.

अलीकडे तान्ह्या बाळापासून मोबाइलच्या कव्हरापर्यंत सगळेच ‘किती गोड!’ झाले आहे. ‘स्वीट’ आणि ‘क्यूट’ या दोघांचे ओझे एकट्या गोडाने उचलले आणि गोजिरा, लोभस, लाघवी, साजरा हे कामाचे शब्द घरी बसले. गोजिरे बाळ आणि लाघवी बाळ यांत फरक आहे. गोड बाळ म्हटले की तो पुसला जातो.

राहिला हिंदीतला ‘मीठा’. तो आणि मराठीतले ‘मीठ’ एकाच मुळाचे. हिंदीत त्याचा अर्थ गोड झाला, मराठीत तो खारट झाला. गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठ आणि ‘मीठुं’ म्हणजे गोडही.