रसिकाची कात्री आणि मालिकेचा क्रम

कर्नाटक शासनाने २०१२ साली ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, संगणकीय खेळ आणि चित्रकथा या व्यवसायांसाठी स्वतंत्र धोरण आखले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य होय. बेंगळुरूच्या चित्रशाळांत देशोदेशीच्या चित्रपटांसाठी दृश्ये तयार होत आली आहेत. ज्या नगरात एकेका चौकटीवर इतके श्रम खर्ची पडतात, तेथे एक प्रश्न सहजच उभा राहतो. पूर्ण झालेल्या चित्रमालिकेवर अखेर अधिकार कोणाचा? ज्याने ती घडवली त्याचा, ज्याने विकत घेतली त्याचा, की जो ती वारंवार प्रेमाने पाहतो त्या रसिकाचा?

हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे. पूर्वी चित्रफीत कापण्याजोडण्याची साधने मोजक्या संस्थांच्या हाती असत. आता ती घराघरांतील संगणकावर आली आहेत. एखादी विज्ञानकथात्मक चित्रमालिका आवडली, परंतु तिचा विस्तार पाल्हाळिक वाटला, तर रसिक स्वतःच संपादक होतो. तो भागांचा क्रम बदलतो, अनावश्यक वाटणारी दृश्ये गाळतो आणि अनेक भागांतून एक आटोपशीर पर्व सिद्ध करतो.

या कामाचे मुख्यतः तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार क्रमबदलाचा. ‘द क्लोन वॉर्स’ ही २००८ साली सुरू झालेली मालिका काळाच्या ओघाने पुढे जाईलच असे नव्हते. नंतरच्या भागात आधीची घटना येई. पुढे २०१४ साली निर्मात्यांच्या बाजूनेच तिचा कालानुक्रम प्रसिद्ध करण्यात आला. तथापि कालक्रम म्हणजेच योग्य क्रम, असे समजणे घाईचे ठरेल. ‘हारुही सुझुमिया’ या जपानी मालिकेचे १४ भाग २००६ साली मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवण्यात आले. कथेतील काळानुसार जो भाग सहावा, तो शेवटी ठेवला होता. कारण कथेचा उत्कर्षबिंदू तेथे होता. २००९ साली १४ नव्या भागांची भर घालून तीच मालिका कालक्रमाने दाखवली गेली, तेव्हा हा उत्कर्ष आरंभीच येऊन गेला. घटना त्याच राहिल्या, परंतु परिणाम पालटला. क्रम हाही कथेचाच एक अवयव आहे, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा प्रकार काटछाटीचा. ‘ड्रॅगन बॉल झेड’ या मालिकेचे १९८९ ते १९९६ या काळात २९१ भाग झाले. मूळ चित्रकथा साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच मालिकाही चालू होती. मालिका कथेच्या पुढे जाऊ नये म्हणून प्रसंग लांबवणे आणि नवे प्रसंग रचणे भाग पडले. २००९ साली निर्मात्यांनीच भरीचा मजकूर काढून ‘काई’ या नावाने तिची आटोपशीर आवृत्ती आणली. पाल्हाळाचे कारण कलेत नसून वेळापत्रकात होते. म्हणून ही काटछाट मूळ कथेच्या अधिक जवळ जाणारी ठरली.

तिसरा प्रकार जोडकामाचा, आणि तोच सर्वांत धाडसाचा. १९८५ साली अमेरिकेत ‘रोबोटेक’ ही मालिका प्रक्षेपित झाली. आठवड्याचे पाच दिवस असे तेरा आठवडे कार्यक्रम चालवायचा, तर ६५ भाग हाताशी हवेत, असा तेथील व्यवहार होता. ‘मॅक्रॉस’ या जपानी मालिकेचे भाग होते अवघे ३६. तेव्हा कार्ल मेसेक यांनी तिच्याशी संबंध नसलेल्या ‘सदर्न क्रॉस’ आणि ‘मोस्पेडा’ या आणखी दोन मालिका घेतल्या आणि तिन्हींची मिळून ८५ भागांची एकच पिढीजात युद्धकथा बनवली. दुसऱ्या मालिकेची नायिका पहिल्या मालिकेतील एका जोडप्याची कन्या ठरली! संवाद नवे लिहिले गेले, नावे बदलली गेली. या कथेने अनेक अमेरिकन मुलांना जपानी चित्रमालिकांची गोडी लावली, हे खरे. परंतु तीन वेगवेगळ्या कृतींचे स्वतंत्र व्यक्तित्व त्या प्रेक्षकांपासून दीर्घकाळ झाकलेले राहिले, हेही तितकेच खरे. ‘मॅक्रॉस’च्या हक्कांविषयीचा प्रदीर्घ वाद २०२१ सालच्या कराराने मिटला.

मराठी मनाला हा पेच अगदी नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथावरील निस्सीम भक्तीतूनच त्यांनी हे संपादन केले. त्यांच्या नावे असलेल्या समाप्तीच्या ओव्यांत, यापुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालील तर ते अमृताच्या पात्रात करवंटी ठेवण्यासारखे होईल, अशा आशयाचा इशारा आहे. रसिकाने दोष दूर करावेत, पण स्वतःची भर मूळ म्हणून खपवू नये, ही मर्यादा त्यात स्पष्ट आहे. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभ झालेले हे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. त्या संपादकांनी प्रक्षिप्त मानलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. ज्याला निवड मान्य नसेल, त्याला ती तपासून पाहण्याची वाट मोकळी राहिली.

बेंगळुरूत याच विचाराला आधुनिक रूप मिळालेले दिसते. तेथील ‘अल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि मुंबईतील ‘कॅम्प’ यांसारख्या संस्थांच्या सहकार्याने २००८ साली ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा संग्रह उभा राहिला. येथे पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रणाला महत्त्व आहे. अभ्यासक त्यातील क्षणाक्षणावर टिपणे जोडू शकतो; आणि टिपणे कितीही वाढली तरी मूळ चित्रण अबाधित राहते.

कायद्याची बाजूही येथे विसरून चालणार नाही. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही कर्त्याला आपल्या कृतीच्या मानहानिकारक विकृतीस हरकत घेता येते. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या संदर्भात मन्नू भंडारी यांनी दाद मागितली, तेव्हा १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कर्त्याच्या या विशेष अधिकाराचे महत्त्व ठामपणे मांडले. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेला सद्‌भावी वापर ही एक गोष्ट. परक्याची कृती नव्या रूपात जगापुढे वाटणे ही निराळी गोष्ट. प्रेम हे परवानगीचा पर्याय होऊ शकत नाही.

यावरून रसिकसंपादकाची काही कर्तव्ये निश्चित करता येतील. मूळ कृती जशीच्या तशी उपलब्ध राहावी, यासाठी त्याने आग्रह धरावा. काय गाळले, काय हलवले आणि का, याची नोंद त्याने द्यावी. आपल्या निवडीवर कर्त्याचे नाव घालू नये आणि कर्त्याचे नाव झाकूही नये. एवढे पाळले तर नवी गुंफण हे मूळ कृतीवरील एक भाष्य ठरते, आणि चांगले भाष्य वाचकाला मुळाकडेच परत नेते. हे न पाळले तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ दुसऱ्याची आवडनिवड येईल आणि तिलाच ती मूळ कथा समजेल. कात्री सर्वांच्या हाती आली आहे. म्हणूनच कापलेले तुकडे जपून ठेवण्याची जबाबदारीही आता सर्वांवर आली आहे.