विश्लेषण : पडद्यावरचा ‘देखणा खुनी’ भुरळ का घालतो? वसईच्या प्रकरणातून काय दिसते?

हसतमुख, गोडबोल्या तरुण. शेजाऱ्यांना त्याच्यात काहीच वावगे दिसत नाही आणि अखेरीस तोच खुनी निघतो. मनोवैज्ञानिक भयपटांचा हा हुकमी साचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईतील तरुणीच्या दिल्लीतील हत्येचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हाही अनेकांना चित्रपटच आठवला. आरोपीने ‘डेक्स्टर’ ही अमेरिकी मालिका पाहिली होती, असे पोलिसांच्या हवाल्याने सांगितले गेले आणि चर्चा मालिकेभोवतीच फिरत राहिली. वास्तव मात्र पटकथेपेक्षा वेगळे होते.

हा साचा आला कुठून?

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाने तो रूढ केला. त्यातील नॉर्मन बेट्स हा लाजरा, अदबशीर तरुण आहे. हिंदीत १९९३ मध्ये आलेल्या ‘बाजीगर’ आणि ‘डर’ या चित्रपटांत शाहरुख खान यांनी असाच तरुण रंगवला. प्रेक्षकांनी त्याला चक्क डोक्यावर घेतले.

महाराष्ट्रातील खरे प्रकरण कोणते?

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले. करणारे कोणी सराईत गुंड नव्हते, तर अभिनव कला महाविद्यालयातील विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल हा त्यांचा म्होरक्या. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. याच प्रकरणावर ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट आला. अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’वरही त्याची छाया आहे. सेन्सॉरच्या आक्षेपांनंतर रखडलेला तो चित्रपट त्या काळात चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही.

प्रेक्षक खुन्याच्या बाजूने का झुकतो?

कारण कॅमेरा त्याच्यासोबत असतो. ‘सायको’त नॉर्मन मृतदेह असलेली मोटार दलदलीत ढकलतो. ती क्षणभर बुडायची थांबते, तेव्हा आपलाही श्वास अडकतो. पुरावा लपावा, असे नकळत वाटून जाते. मृत व्यक्ती मात्र कथेतून केव्हाच बाहेर गेलेली असते. अमेरिकेतील खुनी टेड बंडी याच्याबद्दल २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर इतके कौतुक सुरू झाले, की त्याच्यावरील मालिका दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सलाच प्रेक्षकांना भान आणून द्यावे लागले.

वसई प्रकरण वेगळे कसे?

चित्रपटात खुन्याचा खरा चेहरा शेवटी दिसतो. येथे धोका आधीच कागदावर आला होता. संबंधित तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्यातील तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. जोडीदार मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे त्यात नमूद होते. पुढे वाद मिटल्याचे तिने लिहून दिले आणि प्रकरण थांबले. तपास यंत्रणेनुसार मे २०२२ मध्ये तिची हत्या झाली. दिल्लीतील साकेत न्यायालयाने मे २०२३ मध्ये आरोपीवर आरोप निश्चित केले.

मग लक्ष कशाकडे द्यायचे?

मारहाण, जिवे मारण्याची धमकी, मित्रमैत्रिणी व घरच्यांपासून तोडणे, प्रत्येक मारहाणीनंतर माफी आणि पुन्हा तेच. ही धोक्याची चिन्हे आहेत. जोडीदार बाहेर किती लाघवी वागतो, याने ती पुसली जात नाहीत. तक्रार मागे घेतली म्हणजे धोका टळला, असेही नाही. भीती, दबाव किंवा आशेपोटीही ती मागे घेतली जाते.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ लग्नाशिवाय पती-पत्नीसारखे एकत्र राहणाऱ्या महिलांनाही संरक्षण देतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवता येतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, तर महिला हेल्पलाइनसाठी १८१ हा क्रमांक आहे. घरच्यांना नाते पसंत नसले, तरी मुलीशी बोलणे सुरू ठेवणे महत्त्वाचे. अडचणीच्या वेळी तिला परतीचा दरवाजा उघडा दिसला पाहिजे.