मोगरा गळ्यात, लिंबू बाटलीत

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्यातल्या डिचोली तालुक्यात शिरगावला लईराई देवीची जत्रा भरते. धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त स्नान करून, हातात गोंड्यांचा बेत (वेताची काठी) आणि गळ्यात मोगरीचे झेले घालून निघतात आणि उजाडण्यापूर्वी होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. उन्हाने रापलेल्या, दाढीमिशांच्या पुरुषांच्या छातीवर पांढरीशुभ्र मोगरी असते आणि भोवती जळत्या लाकडांचा धूर. हा वास बायकी की पुरुषी, असा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

अत्तर-परफ्यूमच्या दुकानात मात्र पहिला प्रश्न तोच. तुमच्यासाठी हवंय की मिसेससाठी? हल्ली दोन फळ्यांच्या मधोमध तिसरी फळी आली आहे, युनिसेक्स. तिच्यावर हमखास सापडणारा प्रकार म्हणजे वर लिंबू-संत्र्याचा वास आणि खाली चंदन, देवदार किंवा वाळा.

या जोडीमागे साधं रसायनशास्त्र आहे. लिंबाच्या सालीतलं लिमोनिन हलकं. त्याचा रेणुभार १३६. ते भरकन उडतं, म्हणून पहिला झोत त्याचा. चंदनातल्या सँटॅलॉलचा रेणुभार २२०. ते रेंगाळतं, अंगावर तासन् तास राहतं. नुसतं लिंबू अर्ध्या तासात पसार होईल आणि नुसतं चंदन सुरुवातीला मंद वाटेल. एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने घर सांभाळायचं, अशी ही वाटणी.

युरोपात लिंबूवर्गीय सुगंधाला मान मिळाला तो जर्मनीतल्या कोलोन शहरात. मूळच्या इटालियन फारिना कुटुंबाने तिथे १७०९ साली पेढी थाटली. तिचं सुगंधी पाणी स्त्री-पुरुष दोघेही वापरत. म्हणजे १९९४ साली काल्विन क्लाइनने ‘सीके वन’ आणून स्त्री-पुरुषांसाठी एकच बाटली म्हणून जो गाजावाजा केला, त्यात नवं होतं ते जाहिरातीचं धाडस.

मला त्याहून मोलाची वाटते ती १९६६ची गोष्ट. सुगंधकार एदमों रूदनित्स्का यांनी पॅरिसच्या दिऑरसाठी ‘ओ सोव्हाज’ हे खास पुरुषांचं परफ्यूम रचलं. वर लिंबू, खाली वाळा, आणि मध्ये हेडिऑन नावाचं रसायन. चमेलीच्या सुगंधाचा अभ्यास करताना स्विस कंपनी फर्मेनिशच्या हाती ते लागलं होतं. चमेली आणि मोगरा एकाच कुळातले. थोडक्यात, पॅरिसने पुरुषांना फूल माळलं, पण लिंबाच्या आडून. शिरगावच्या धोंडांना असा आडपडदा लागत नाही.

आपल्याकडची जुनी विद्याही अशी फळ्या पाडणारी नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’वर अख्खा अध्याय आहे, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हा हिशेबही त्यात आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’मध्ये उटणी आणि धूप हे राजाचे उपभोग म्हणून सांगितले. खुद्द गोव्यात १५६३ साली छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या औषधीग्रंथात चंदनावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि आपल्या लग्नमंडपात? एकाच अत्तरदाणीतलं अत्तर आजोबांच्या मनगटावर लागे आणि आत्याच्याही.

मग लिंबू-चंदनाचा असा वास लावणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व कसं? जाहिराती म्हणतात तरतरीत, मोकळं, भारदस्त. यातलं बरंचसं वासात नसून आपल्या आठवणींत असतं. लिंबू म्हणजे ताजेपणा, हे समीकरण आपल्या मनात लिरिल साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीने पक्कं केलं. चंदन म्हटलं की आपल्याला देवघरातली सहाण आठवते. युरोपातल्या माणसाला तसं होण्याचं कारण नाही. त्यामुळे तीच बाटली तिकडे रुबाबदार ठरेल आणि इकडे सोज्वळ. माझं विचाराल तर हा वास मितभाषी माणसाचा आहे. येताना उत्साहाने येतो, मग आवाज चढवत नाही. शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठवणाऱ्या गोडमिट्ट परफ्यूमांपेक्षा केव्हाही बरा, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत.

घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी पाहा. कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. तेव्हा विकलं जातं ते लिंबू, आणि तुमच्याकडे उरणार आहे ते लाकूड. मनगटावर लावा, बाजारात फेरी मारा, तासा-दोन तासांनी पुन्हा हुंगा. दुसरं, घरच्या घरी सालीचं तेल काढून अंगाला चोळू नका. बर्गामॉट हे लिंबूवर्गीय फळ आणि हिरवं लिंबू यांच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात. ती लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डाग पडतात. तयार परफ्यूममध्ये त्यांच्या प्रमाणावर मर्यादा असते. आणि बाटलीवर ‘फॉर मेन’ लिहिलंय की ‘फॉर विमेन’, ते खुशाल वाचू नका.