उशाशी बसलेल्याचा देव

मंडळी, आज रुग्णाबद्दल नाही, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाबद्दल बोलायचंय. कर्जत-खालापूरच्या डोंगरातली एखादी ठाकूरवाडी घ्या. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की बायको, सून नाहीतर मुलगी घरी राहते. मजुरी बुडते, झोप जाते. आणि तिला छळणारा प्रश्न औषधाचा नसतो. ‘आमच्याच घरात का?’ हा असतो.

डॉक्टर या प्रश्नाच्या वाटेला जात नाही. भगत जातो. दाणे बघतो, कोणत्या देवाचं राहिलंय ते सांगतो. आपण शहरातली माणसं लगेच ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळी होतो. जरा थांबू या.

केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात धर्माच्या आधाराने संकट कसं पेललं जातं ते मांडलं. श्रद्धा किती, यापेक्षा ती कोणत्या जातीची हे महत्त्वाचं. देव माझ्या बाजूला आहे असं वाटणारा बहुधा तग धरतो. देवाने मला शिक्षा केली असं वाटणारा जास्त खचतो. पुढच्या अभ्यासांतही हे वारंवार दिसलं.

आता वाडीत या. ‘बरं वाटू दे, कोंबडं देईन’ असं बोलल्यावर त्या बाईच्या हातात निदान काहीतरी करण्यासारखं येतं. पण ‘तुझ्याकडूनच चुकलं’ असं ऐकलं, की आजारपणाचं ओझं होतंच, वर अपराधाचं. गुण आला नाही तर पुन्हा तिचीच चूक! कधी बोट शेजारणीकडे वळतं. चेटकीण ठरवून छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. नुसत्या नवसाला मात्र तो हात लावत नाही.

कॅन्सर निघाला तर कर्जत लोकल धरून परळचं टाटा गाठायचं. मुक्कामाला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गंमत बघा, देवाला बकरं-कोंबडं कापू नका म्हणून बाबा जन्मभर कीर्तनात ओरडले, आणि त्यांच्याच छपराखाली नवस बोललेली माणसं एकमेकांना धीर देतात. बाबांनी कुणाला हाकललं नसतं.

म्हणून आशाताईंना माझं सांगणं असतं: गोळ्यांचा हिशेब झाला की सोबतीच्या बाईला विचारा, ‘तुला काय वाटतं, हे कशानं झालं?’ उत्तरात ‘माझ्यामुळं’ आलं तर तिथे बसा. भगतालाही भेटा. ‘देवाचं मी बघतो, तू दवाखान्यात ने,’ एवढं त्याच्या तोंडून आलं तरी तिला निघणं सोपं जातं.